उघडी करंजी, सीलबंद केक

शेजारून नाताळचं ताट तुमच्या दारात आलं, तर त्यातलं तुम्ही खरोखर काय खाता?

उत्तराची घाई करू नका. "आम्ही असलं काही मानत नाही" हे वाक्य मला पाठ आहे. ते म्हणणाऱ्या माणसांचीच गोष्ट मी सांगणार आहे. ताट दारात कोण घेतं, आत गेल्यावर ते कुठं ठेवलं जातं आणि शेवटी कुणाच्या पोटात जातं, एवढं आठवून ठेवा. मग पुढं वाचा.

आमचं घर श्रीगोंदा तालुक्यातल्या एका गावात, डांबरी रस्त्याला लागून आहे. रस्त्याच्या अलीकडं ख्रिस्ती वस्ती, पलीकडं गाव. माझे पणजोबा महारवाड्यातले. मिशनच्या शाळेत ते अक्षरं शिकले आणि पुढं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी धर्म बदलला. गावानं त्यांची जात होती तिथंच ठेवली, आणि घरादाराबरोबर तीही आमच्याकडं वारशानं आली. आई गावातल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. पप्पा साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतात. नाताळ येतो तो ऐन गाळपाच्या दिवसांत. मळीचा गोडसर, आंबूस वास गावभर पसरलेला असतो, उसाचे ट्रॅक्टर दारावरून गाणी वाजवत जातात आणि ओट्यावर लावलेली आमची चांदणी त्यांच्या धुरळ्यानं दोन दिवसांत मळते. पप्पा ती कामट्यांची आणि पतंगाच्या कागदाची बनवतात. बाजारात प्लॅस्टिकच्या चांदण्या आल्या, तरी त्यांना त्या आवडत नाहीत.

पप्पांना पत्रकं जमवायची सवय आहे. मोर्चा असो, प्रार्थनासभा असो, युनियनची गेटमीटिंग असो, जिथं कुणी कागद वाटत असेल तिथून ते एक प्रत घडी करून आणणार. मी वाचायला शिकले ती त्या कागदांवर. 'बंधुभगिनींनो, जागे व्हा' हे शब्द मी 'कमळ' आणि 'घर' यांच्या आधी ओळखायला लागले असेन. आणि ही सगळी पत्रकं सरतेशेवटी नाताळच्या कामी यायची. आई तळलेल्या करंज्या काढायची ती त्यांच्यावर. समतेच्या लढ्याची हाक, सात वाजताच्या प्रार्थनेचं निमंत्रण, पगारवाढीच्या मागण्या, सगळ्यांवर तेलाचे गोल डाग पडायचे. डागाखालची अक्षरं आणखी ठळक दिसायची. मी ती मोठ्यानं वाचायची आणि पप्पा पुरीवर सारण घालता घालता मध्येच म्हणायचे, "थांब, ते वाक्य पुन्हा वाच."

मला नाताळचं खरं सुख कोणतं असं विचारलं, तर मी तीच संध्याकाळ सांगेन. नवे कपडे नाहीत, पंचवीस तारखेचं मटण नाही, चर्चमधली, म्हणजे आमच्या देवळातली, बाळ येशूची गव्हाणीसुद्धा नाही. आई जमिनीवर मांडी घालून बसलेली, कढई स्टोव्हवर, बाहेर वस्तीतली पोरं ढोलकीवर नाताळच्या कॅरलगाण्यांची तालीम करताहेत, आणि आईची बोटं करंजीच्या कडेला मुरड घालताहेत. कातण्यानं कापलेली करंजी तिला चालत नाही. ती कड चिमटीत धरून दुमडत जाते आणि शेवटी दोरीसारखा पीळ तयार होतो. सारणात ती वेलदोडा घालत नाही, जायफळ किसून घालते. तिची आई तसंच करायची. तालुक्यात कुठंही डोळे मिटून तोंडात घातली, तरी मला ही करंजी ओळखता येईल.

आता ताटांकडं येते.

आमच्या घरातून नाताळला दोन प्रकारची ताटं निघतात. वस्तीतल्या घरांसाठी करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, वर विणकामाचा रुमाल. रस्त्यापलीकडच्या घरांसाठी नगरच्या बेकरीतला केक, खोक्यात, वर पारदर्शक कागद, कागदावर चिकटपट्टी आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका. आई बेकरीत एकेक खोका उलटसुलट करून बघायची. चिकटपट्टी जराशी उचकटलेली दिसली की तो खोका आमच्या घरासाठी. लहानपणी मला वाटायचं, आपण किती नशीबवान, आपल्याला फाटक्या खोक्याचा का होईना, केक मिळतो.

एकदा मी एका चांगल्या खोक्याचा कागद सोडवून आत दोन करंज्या ठेवल्या. रस्त्यापलीकडच्या काकूंना सरप्राइज. आईनं पाहिलं तेव्हा ती रागावली नाही. तो खोका तिनं गुपचूप बाजूला ठेवला आणि पप्पांना दुसरा आणायला सांगितलं.

"करंज्या का नाही द्यायच्या?" मी विचारलं.

"त्यांना केक आवडतो," आई म्हणाली.

काकूंना केक आवडतो. मी कितीतरी वर्षं हे खरं धरून चालले होते, आणि आईही.

या काकूंबद्दल सांगायला हवं, कारण त्या वाईट बाई असत्या तर मी हे लिहिलंच नसतं. रस्त्यापलीकडं समोरचंच घर त्यांचं. ऊस, गाई, दोन ट्रॅक्टर. आईला त्या 'सिस्टरबाई' म्हणतात आणि गावात तिच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं, तर त्याला सोलून काढतात. देवळातल्या गव्हाणीसाठी कडबा दरवर्षी त्यांच्याच गोठ्यातून येतो, तोही न मागता. पंचवीस तारखेला त्या सुनेला घेऊन गव्हाणी बघायला येतात, चप्पल बाहेर काढून आत शिरतात, बाळाला हात जोडतात आणि म्हणतात, "बया, कसं गोजिरवाणं ठेवलंय." त्यांच्या नातवाच्या तोंडात पोलिओचे थेंब आईनं घातलेत. त्यांना स्वतःला ताप आला की इंजेक्शन आईच्याच हातचं पाहिजे. "तुझा हात हलका हाय गं," असं दंड चोळत सांगतात. आणि दिवाळीला त्यांच्या घरचा फराळ सगळ्यात आधी आमच्या घरी येतो. आई ताट हातात घेते, ओट्यावर उभ्या उभ्या एक चकली मोडून तोंडात टाकते आणि म्हणते, "काकू, औंदा झकास." मग काकू सुखानं घरी जातात. ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून आई त्यात साखर घालून पाठवते.

इतका जिव्हाळा असताना आई त्यांना खोका द्यायची.

मी पुण्याला शिकायला गेले. तिथं सभांना गेले, स्वतः पत्रकं लिहिली, वाटली. सुट्टीत घरी आले की सगळं दिसायला लागलं. कॅरलची फेरी गावातल्या मोठ्या रस्त्यानं जाते, लोक हौसेनं थांबवतात, एक गाणं म्हणायला लावतात, चहा देतात. पप्पांच्या लहानपणी त्या चहाच्या कपबश्या वेगळ्या असायच्या, गोठ्याच्या कोनाड्यात पालथ्या घातलेल्या. आता सगळ्यांनाच कागदी कप. कागदी कपानं गावाची केवढी मोठी सोय केली, यावर कुणीतरी लिहायला हवं. वेगळं ठेवायलाही नको आणि विसळायलाही नको. सीलबंद केकही त्यातलाच. मात्र ती सोय आम्ही स्वतःच्या खिशातून करत होतो.

गेल्या नाताळला मी आईला सांगितलं, या वेळी खोके आणायचे नाहीत.

"मग काय द्यायचं?"

"करंज्या. सगळ्यांना एकच ताट."

"तुझं काय जातंय? तू दोन तारखेला पुण्याला पळणार. मला हितं राहायचंय."

"काकू खाणार नाहीत असं वाटतं का तुला?"

आई एकदम उसळली. "का न्हाई खाणार? माझ्या हातचं औषध घेत्यात त्या!"

"मग दे की."

"मी दिलंच न्हाई आजवर, म्हणून. त्यात त्यांची काय चूक?"

पप्पा चांदणीला कागद चिकटवत होते. मान वर न करता ते म्हणाले, "पोरी, आईशी वाद घालताना पत्रक वाचून दाखवल्यासारखं बोलू नको." पण खोके आणायला ते गेले नाहीत. त्या घरात माझ्या बाजूनं एवढंच मत पडलं, आणि मला ते पुरलं.

आईनं त्या वर्षी जशा करंज्या केल्या, तशा मी कधी पाहिल्या नव्हत्या. पिठाला तुपाचं मोहन, खोबरं मंद आचेवर, जायफळ सढळ हातानं. एखादी जरा जास्त लाल झाली की ती आमच्यासाठी बाजूला. मी ते बघत होते. तिची निवडायची पद्धत तीच होती, फक्त खोक्यांच्या जागी आता करंज्या होत्या. सगळ्यात सुबक पिळाच्या तेवढ्या काकूंच्या ताटात गेल्या. रुमालही नवा काढला, गुलाबाच्या विणीचा.

पंचवीसला देवळातून आल्यावर आई साडी न बदलता ताट घेऊन निघाली. मी दारातून पाहत होते. काकू ओसरीवरून पुढं आल्या आणि रुमाल उचलून बघितला.

"अगं बया! घरच्या?"

"घरच्याच. औंदा म्हणलं केक नको."

"एवढा कशाला घाट घातलास सिस्टरबाई, ड्युटी करून!"

त्यांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं. आई क्षणभर तिथंच घुटमळली. दिवाळीला ती स्वतः ओट्यावर जे करते, ते समोरून होईल म्हणून थांबली असावी. काकू म्हणाल्या, "थांब, सुनेला दाखवते," आणि ताट घेऊन आत गेल्या. आई परत आली ती हसतच.

"बघितलंस?" ती मला म्हणाली. "उगं शंका घ्यायची सवय लागलीय तुला."

संध्याकाळी काकू स्वतः रिकामं ताट घेऊन आल्या. घासलेलं, मधोमध साखरेचा ढीग, रुमालाची घडी. ओट्यावर बसल्या आणि तोंड भरून बोलल्या. "कशा झाल्या हुत्या म्हणून सांगू! म्हाताऱ्यानं दोन खाल्ल्या उभ्या उभ्या. सून तर म्हणती, शिकून घेते सिस्टरबाईंकडून."

आईचा चेहरा मी विसरणार नाही. पगार झाला, बक्षीस मिळालं, माझा निकाल लागला, यातल्या कशानंही तो तसा उजळला नव्हता. तिनं ती साखर डब्यात ओतली नाही. ताट तसंच फडताळात ठेवलं. मी हरले होते आणि हरल्याचा मला आनंद झाला होता. रात्री जेवताना पप्पा मला चिडवत म्हणाले, "आता एक माफीचं पत्रक काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली. मावशी वस्तीतली, आमच्याच देवळातली. काकूंच्या गोठ्यात शेणघाण करते, धारा काढते. नाताळच्या दिवशीही तिला धारा चुकत नाहीत, म्हणून तिचं ताट आई दुसऱ्या दिवशी देते. आई ते भरायलाच बसली होती.

"बाई, औंदा जायफळ जरा जास्त पडलं का?" मावशी दारातूनच म्हणाली. "पर लई भारी झाल्यात. पोरांनी रातीच फडशा पाडला."

आईचा हात ताटावर थांबला. "तुला कुठं दिल्या मी अजून?"

"काकूंनी दिल्या न्हवं. काल दुपारी, तुमी घरी गेल्या तशा. सगळं ताटच पदरात वतलं. म्हणल्या, आमच्यात कुणाला ग्वाड चालत न्हाई, शुगर हाय."

काकूंची शुगर आईच तपासते. त्या घरात कुणालाही साखरेचा आजार नाही. आईचे केक तिथं इतकी वर्षं शेवटच्या चुऱ्यापर्यंत खाल्ले गेले होते.

मावशीला माझ्या तोंडाकडं बघून कळलं. तिनं कपाळावर हात मारला. "आगं बया. माझं तोंड जळो."

"तुझं का जळावं?" आई म्हणाली. "तू खाल्ल्यास. पोरांनी खाल्ल्या. चांगलंच झालं. बस, चहा घे." आणि तिनं मावशीचं ताट ठरल्यासारखं पुन्हा भरलं, आधीपेक्षा जास्त.

मावशी गेल्यावर मी चप्पल घालायला लागले. रस्ता ओलांडून जायचं, ओसरीवर उभं राहायचं आणि गावाला ऐकू जाईल असं विचारायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आईनं माझा दंड धरला. तिचा हात हलका नव्हता.

"खाली बस."

"त्या खोटं बोलल्या. आपल्या ओट्यावर बसून खोटं बोलल्या."

"माझं मन राखायला बोलल्या."

"मन राखायचं होतं, तर एक करंजी खायची होती!"

आईनं माझा दंड सोडला. मग म्हणाली, "इतकी वर्षं मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं मी. खोका द्यायचा, हसायचं, म्हणायचं, दिली असती तर खाल्लीच असती. तेवढं माझ्याकडं होतं. आता तेही न्हाई. झालं तुझं समाधान?"

पत्रकात याचं उत्तर नसतं. पण मी तेव्हाही माघार घेतली नाही आणि आजही घेत नाही. खोट्यावर उभं असलेलं 'खाल्लीच असती' मला नको होतं. ते आईच्या हातून मी काढून घेतलं नाही. ताट घेऊन आत गेलेल्या काकूंनी घेतलं.

फडताळातल्या ताटातली साखर आईनं पुढं मुंग्यांना घातली.

तुम्ही म्हणाल, मग संबंध तुटले असतील. नाही. रस्ता तसाच आहे, दोन्हीकडून हाक जाते. नातवाचा पाय मुरगळला तेव्हा आई पट्टी बांधायला गेली. यंदाच्या दिवाळीला काकूंचं ताट नेहमीसारखं सगळ्यात आधी आमच्याकडं आलं. मी घरात होते. मला वाटलं, आता आई ताट आत आणेल, झाकून ठेवेल, मावशीला देईल. आईनं ताट घेतलं, ओट्यावर उभी राहिली, चकली मोडली, तोंडात टाकली. "काकू, तिखट जरा कमी हाय औंदा," म्हणाली. काकू हसल्या. आई त्यांच्या डोळ्यांत बघत ती चकली सावकाश चावत राहिली. काकूंनीच नजर खाली घेतली.

मी आत आल्यावर भांडले. "तू का खाल्लीस?"

"चकलीनं माझं काय वाकडं केलंय?" आई म्हणाली. "त्या खात न्हाईत म्हणून मीही खायचं सोडू? मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?"

आता पुन्हा डिसेंबर आहे. कारखान्याचा वास सुटलाय, पप्पांनी कामट्या भिजत घातल्यात. मी फोनवर विचारलं, खोबरं आणलं का? आई म्हणाली, "औंदा नाही करत. गुडघे दुखतात. बेकरीत करंज्याही मिळतात म्हणे, पाकिटातल्या. सगळ्यांना त्याच देऊ. तुला पाहिजे होतं ना, सगळ्यांना एकच ताट."

ती हे कडवटपणे बोलली असती तर मी भांडले असते. पण ती अगदी साधेपणानं बोलली, भाजीचा भाव सांगावा तशी. वस्तीतल्या घरांनाही आता पाकीट. मावशीलाही पाकीट. आईच्या आईचं जायफळ, तो दोरीसारखा पीळ, पत्रकांवरचे तेलाचे डाग, सगळं एका ओसरीवरून आत गेलं आणि परत आलं नाही. गव्हाणीला कडबा मात्र या वर्षीही येईल, आणि काकू हात जोडायलाही येतील.

मी सुट्टी काढून लवकर जाणार आहे. खोबरं मी किसेन, पीठ मी मळेन. माझी मुरड ओबडधोबड होते, हे मला ठाऊक आहे. तरी उघडं ताट मी स्वतः घेऊन रस्ता ओलांडणार आहे आणि काकूंच्या ओसरीवर थांबणार आहे. त्या पुन्हा आत जायला वळल्या, तरी मी लगेच घरी फिरणार नाही.

तुम्हाला मी पैसे मागत नाही, सभेला बोलावत नाही. या नाताळला तुमच्या दारात कुणी ताट घेऊन आलं, तर ते घेऊन आत जाऊ नका. दारातच, तिच्या समोर, रुमाल बाजूला करून एक करंजी उचला आणि खा. जायफळ जास्त झालं असेल तर तसं सांगा. आणि ते जमणार नसेल, तर निदान तिथंच सांगा, "आम्ही तुमच्या हातचं खात नाही," आणि भरलेलं ताट तिच्या हातात परत द्या. पण त्यात साखर घालून संध्याकाळी तिच्या ओट्यावर येऊ नका.